रजिस्टरात एकही अक्षर खोटं नाही

आधीच सांगून टाकते, मी रागीट आहे. ऑफिसात मला मागून 'तिखट बाई' म्हणतात, आणि मला ते माहीत आहे. पालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते. कोण काय बोललं, कोणी हात वर केला, काय ठरलं, हे सगळं माझ्या हातचं. सतरा सदस्य तीन तास भांडतात, त्याची मी अडीच पानं करते. बावीस वर्षं हेच चाललंय. पण ज्या सभेबद्दल सांगायचंय, त्या सभेत माझं अक्षर पहिल्यांदा वेडंवाकडं आलं, आणि ते माझ्या सख्ख्या भावामुळे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. शिक्षण सोडून पालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून लागला. मला टायपिंगच्या क्लासला त्यानं घातलं, नोकरीचा अर्ज समोर बसून लिहून घेतला, माझं लग्नही त्यानंच लावलं. चौदा वर्षांपूर्वी गावाबाहेर सांडपाण्याचा प्लँट झाला, तेव्हा तिथे जायला कोणी तयार होईना. "मैल्यावर कोण नोकरी करणार?" म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. दादा गेला, ऑपरेटर म्हणून. वहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिथे गेल्यापासून तो कोपरापर्यंत हात धुतो, तीन-तीनदा. कोणाच्या लग्नाला गेला तरी दाराजवळची खुर्ची धरतो. "अरे, कसला वास येत नाही तुझा," मी म्हणते. "तुला नाही येत, मला येतो," एवढं म्हणून तो गप्प बसतो. तसा तो मुलखाचा अबोल. आमच्या घरातलं सगळं बोलणं देवानं माझ्याच वाट्याला दिलंय, असं वहिनी म्हणते.

रोज सकाळी टाकीतलं पाणी तो काचेच्या बरणीत घेतो, खिडकीत ठेवतो आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसतो. गाळ किती वेळात आणि किती खाली बसला, यावरून त्याला टाकीची तब्येत कळते. टाकीत जंतू असतात, ते घाण खातात, म्हणून खाली जाणारं पाणी साफ होतं. दादा त्यांना 'माझी गुरं' म्हणतो. "गुरं उपाशी ठेवली तर मरतात आणि एकदम पाण्याचा लोंढा आला तर वाहून जातात. पुन्हा कळप उभा करायला तीन आठवडे लागतात गं." हे सांगताना मात्र हा अबोल माणूस बोलायचा थांबत नाही. ऑफिसातले त्याला 'बरणीवाले' म्हणतात, पण प्लँटवर कधी गडबड झाली नाही, हेही तेच सांगतात.

आता आमच्या घराचं सांगते. आम्ही राहतो खालच्या आळीत, गावातल्या सगळ्यात खोलगट भागात. गेल्या चार वर्षांत आमच्या मोरीतून अकरा वेळा मैल्याचं पाणी उलटं वर आलंय. आपण ओतलेलं खाली जायचं राहिलं बाजूला, साऱ्या गावानं ओतलेलं आपल्या स्वयंपाकघरात. मी ते सुपानं ओढून बाहेर काढलंय, फरशी चुन्यानं घासलीय, आणि तरी पुढे चार दिवस घशाखाली घास उतरलेला नाही. सासूबाई त्याच पाण्यात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. पूर्वी सकाळी सगळ्या आळीचा समाचार घेऊन यायच्या, आता भिंत धरून पलंगापासून मोरीपर्यंत जातात आणि तेवढ्यानं दमतात.

आळीनं नऊ अर्ज केले. नवाच्या नऊ वेळा एकच उत्तर गेलं: 'नागरिक चेंबरमध्ये चिंध्या व प्लास्टिक टाकत असल्याने पाणी तुंबते, तरी नागरिकांनी दक्षता घ्यावी.' हे उत्तर साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं, पाकिटात घालायचं. आणि एक दिवस तेच पाकीट माझ्या नवऱ्यानं घरी फोडून मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "काय सुरेख टाइप केलंय हो कोणीतरी!" म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही.

पाणी वर आलं की धावून यायचा तो दादा. तासाभरात हजर, खांद्यावर लांब सळया. चेंबरचं झाकण उघडायचा, सळई घालायचा, आणि थोड्याच वेळात पाणी उतरायला लागायचं. मग माझ्या हातातलं सूप घेऊन स्वतः पाणी काढायचा, सासूबाईंच्या पलंगाखालून हात घालून पुसायचा. आळीतल्या बायका म्हणायच्या, "तुमच्या दादांचा हातगुण चांगला." मी ऊर भरून हो म्हणायची.

तर ती सभा.

मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्लँटच्या दुसऱ्या टाकीसाठी पैसे धरले होते. आळीला वाटलं, चला, एकदाची सुटका होणार. आणि या वर्षी ठराव आला की ते पैसे टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याकडे वळवावेत. टेकडीवर सहाशे नवी घरं व्हायची होती. रस्ता झाला की घरं होणार, आणि त्या सहाशे घरांचं सांडपाणी आहे त्याच लाइनीला जोडणार. लाइन टेकडीवरून निघते, बाजारातून येते आणि आमच्या दारावरून प्लँटला जाते. आत्ताच ही गत, मग सहाशे घरांनंतर आम्ही काय पलंगावर चढून राहायचं? पण मी लिहिणारी, मला बोलायचा हक्क नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

ठरावाच्या बाजूनं आठ सदस्य होते, विरुद्ध आठ. सतरावे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, कोणाच्याच कह्यात नसलेले. सगळं त्यांच्या एका हातावर होतं.

पालिकेनं नेमलेला सल्लागार आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं पडद्यावर एक रेघ दाखवली. प्लँटमध्ये रोज येणाऱ्या पाण्याची, चौदा वर्षांची. रेघ चाळीस लाख लिटरच्या, म्हणजे प्लँटच्या क्षमतेच्या, खूण-रेषेपर्यंत जायची आणि तिथे आडवी व्हायची. तिच्यावर कधीच नाही.

"पाणी क्षमतेबाहेर गेलं तर बायपास उघडावा लागतो," तो म्हणाला, "म्हणजे साफ न करताच ओढ्यात सोडावं लागतं. हे रजिस्टर बघा. पहिल्या वर्षातला एक दिवस सोडला, तर बायपासच्या रकान्यात रोज 'नाही'. इतका उत्तम चाललेला प्लँट मी पाहिलेला नाही. दुसऱ्या टाकीची गरजच काय?"

पालिकेच्या अध्यक्षीणबाई हसल्या. त्यांना रस्ता हवा होता, आणि टेकडीवर कोणाची जमीन आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आकडेच असं म्हणत असतील तर मी कशाला आडवा येऊ? फक्त ज्यानं लिहिलंय त्याला एकदा समोर विचारा. तेवढं झालं की माझी हरकत नाही."

गेलं, सगळं गेलं, असं वाटलं.

दादाला बोलावलेलंच होतं. दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता, नेहमीसारखा. उठला. साहेबांनी विचारलं, "रजिस्टर तुमचं?"

"हो."

"सह्या तुमच्याच?"

"हो."

"यात काही खोटं आहे का?"

"एकही अक्षर नाही."

"ठीक. बसा."

दादा बसला नाही. सदऱ्याची कड दोन्ही हातांत धरून उभा राहिला. आठ महिन्यांवर निवृत्ती आली होती त्याची. मी मनात म्हटलं, बस रे बाबा, तुझ्या बोलण्यानं काय होणार आहे.

"ती रेघ आडवी आहे, कारण मी ती आडवी ठेवलीय," तो म्हणाला. "पाणी जास्त यायला लागलं की मी येणाऱ्या पाण्याचं गेट अर्धं बंद करतो. मीटर गेटच्या आत आहे. आत जेवढं येतं तेवढंच ते मोजतं."

सल्लागाराचं तोंड उघडंच राहिलं. साहेब ताठ झाले. "हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग नोंद का नाही केली?"

"रजिस्टरात त्याचा रकाना नाही, साहेब."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर नाही हसले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश विचारलं, "आणि बाहेर अडवलेलं पाणी कुठे जातं?"

"लाइनीत तुंबून राहतं."

"लाइन भरली की?"

मी मान खाली घालून लिहीत होते, उत्तरासाठी वर बघितलं. दादा माझ्याकडेच बघत होता. सतरा सदस्य, साहेब, अध्यक्षीणबाई, सगळे सोडून माझ्याकडे. आणि तो बोलायच्या आधीच मला कळलं.

"खालच्या आळीत वर येतं," दादा म्हणाला. "घराघरांत. चिंध्या-बिंध्या काही नाहीत. ते मी करतो."

अकरा वेळा! प्रत्येक वेळी हा तिकडे आधी गेट उघडून निघायचा, आणि मग सळया खांद्यावर टाकून माझ्या दारात. हातगुण म्हणे! सळई नुसती घालायची, पाणी आपोआप उतरणारच. माझ्या सासूबाईंचं हाड मोडलं त्या दिवशी दवाखान्यात त्यांना उचलून नेणारा हाच, आणि पाणी सोडणाराही हाच. आणि मी त्याला चहा करून दिला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते मला त्या खुर्चीत कळलं.

साहेब घाईघाईनं म्हणाले, "हा प्रशासनाचा अंतर्गत विषय आहे, सभेचा नाही." अध्यक्षीणबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, हे काही इतिवृत्तात घेऊ नका. मतदान घेऊ या."

लोकांनी नंतर माझं कौतुक केलं. बहिणीनं भावाच्या सत्याला साथ दिली वगैरे. साफ खोटं आहे ते. मला त्या क्षणी दादाला वाचवायचं नव्हतं, गाडायचं होतं. ह्यानं केलं, हे कागदावर यायलाच हवं, कायमचं, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"सभेत जे बोललं गेलं ते मी लिहिते, अध्यक्षीणबाई. लिहायचं नसेल तर तसा ठराव मांडा. 'खालच्या आळीतल्या घरांत मैला कुठून येतो हे लिहू नये' असा. तोही ठराव मी शब्दन् शब्द लिहीन."

मी खाली बसले आणि लिहिलं. माझं अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहिलं. मग मास्तर म्हणाले, "मला ते वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. 'ऑपरेटर यांनी सांगितले की, प्लँट क्षमतेबाहेर भरत असून जादा पाणी ते गेट बंद करून अडवतात व ते खालच्या आळीतील घरांत शिरते.'

"म्हणजे प्लँट भरलेलाच आहे," मास्तर म्हणाले. "मग मी रस्त्याला हात वर करू कसा?"

आठ विरुद्ध नऊ. टाकीचे पैसे टाकीला राहिले. दुसरी टाकी होईपर्यंत टेकडीवरची जोडणी थांबली. आणि तासाभरात दादाच्या नावानं नोटीस निघाली: खुलासा करा, चौकशी होईल, पेन्शन का रोखू नये ते सांगा. ती नोटीस टाइप कोणी केली असेल? मीच. खाली एक ओळ होती, 'पर्यायी व्यक्ती उपलब्ध नसल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत आपण कामावर राहावे.' चोर म्हणायचं आणि तिजोरीही त्याच्याच हातात ठेवायची, धन्य आहे.

पाच वाजता मी ती नोटीस घेतली आणि तडक प्लँटवर गेले. पोचवायला शिपाई होता, पण मला भांडायचं होतं.

प्लँटवर दोन खोल्या आणि एक मोठी गोल टाकी. टाकीकडेला येणाऱ्या पाण्याची सिमेंटची पन्हळ, तिच्यावर ते गेट आणि त्याचं लोखंडी चाक. दादा तिथेच उभा होता. मी नोटीस त्याच्या हातात कोंबली आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथे सांगत नाही. वडिलांचं नाव काढलं, सासूबाईंचं काढलं, "मेला असतास तर बरं" इथपर्यंत गेले. तो ऐकत राहिला. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "झालं?"

"नाही झालं! बायपास का नाही उघडलास? ओढ्यात गेलं असतं ना!"

"पहिल्या वर्षी, मोठ्या पावसात उघडला होता. एकदाच." त्यानं नोटिशीची घडी केली, खिशात ठेवली. "ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. ते ओढ्याचंच पाणी पितात. चार दिवसांनी त्यांची चोवीस माणसं दवाखान्यात होती. मी जाऊन बघून आलो. लहान पोरं होती त्यात, हातभर. कोणाला काही बोललो नाही."

"आणि गेट न लावता सगळं आत घेतलं असतं तर?"

"गुरं वाहून जातात. मग तीन आठवडे रोजच मैला ओढ्यात. चोवीसांच्या जागी किती, सांग."

"मग मला सांगायचंस! मला एकटीला तरी!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सोड ओढ्यात."

"म्हटलंच असतं!"

"म्हणून नाही सांगितलं," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी वडील गेल्यावर प्रथमच पाहिलं. "तुझ्या घरात जात होतं म्हणून तर पुसायला येत होतो गं. दुसरं काय करणार होतो मी?"

मला त्याची दया आली आणि आली म्हणून आणखी राग आला. मी तोंड फिरवलं, आणि माझी नजर पन्हळीकडे गेली. पन्हळीच्या भिंतीवर तांबडी खूण होती. मी आले तेव्हा पाणी तिच्या वीतभर खाली होतं. आता चार बोटं राहिली होती.

"दोन दिवस नळ बंद होते," दादा म्हणाला. "आज चारला पाणी सोडलंय. सगळं गाव धुणं-भांडी काढून बसलंय."

"मग?"

"मग काय. खुणेच्या वर गेलं की टाकी वाहायला लागेल."

तो चाकाजवळ गेला नाही. हात मागे बांधून उभा राहिला. मी वाट बघितली. पाणी तीन बोटांवर आलं.

"अरे, उभा काय राहिलास?"

"तू सांग," तो म्हणाला. "गेट लावू, बायपास उघडू, की तसंच ठेवू. इतकी वर्षं मी एकट्यानं ठरवलं. कोणाला विचारलं नाही. आज सभेत मला लाज वाटली ती त्याची. आता तू आहेस इथं, तू खालच्या आळीची आहेस. सांग."

"मी नाही सांगणार! मी काय इथली ऑपरेटर आहे?"

"नाहीस. पण सांग."

शिव्या दिल्या मी त्याला. पाणी दोन बोटांवर आलं. मला माझी मोरी दिसत होती, सासूबाईंचा पलंग दिसत होता, आणि कधी न पाहिलेली ती हातभर पोरंही दिसत होती, मेल्यानं कशाला सांगितलं मला ते! आणि वेळ नव्हता.

"किती वेळ लावावं लागेल?"

"दोन तास. आळीनं पाणी कमी ओतलं तर कदाचित वर येणारही नाही. पण खात्री नाही देत."

"लाव," मी म्हटलं.

त्यानं चाक धरलं. जड होतं ते. अर्ध्यात त्याला धाप लागली, तेव्हा मीही हात घातला आणि आम्ही दोघांनी मिळून ते फिरवलं. पन्हळीतलं पाणी मंदावलं. मग मी पदराला हात पुसले आणि घरी फोन लावला.

नवऱ्यानं उचलला. मी म्हटलं, "नीट ऐका. मोरीला बोळा घाला, घट्ट. आईंना पलंगावरून उतरू देऊ नका. आणि आळीत दारोदार जाऊन सांगा, दोन तास कोणी धुणं-भांडी काढू नका, थेंबभर पाणी ओतू नका. प्लँटचं गेट बंद आहे."

सभेत काय झालं ते एव्हाना आळीभर झालंच असणार. ते भडकले. "पुन्हा? आजसुद्धा? कोणी बंद केलं?"

दादानं हात पुढे केला, फोन दे म्हणून. मी दिला नाही.

"मी," मी म्हटलं.